करपवल्याचा आळ

मित्रांनो, मी एक जुनी सूर्यचूल आहे आणि मी आयुष्यात कधीही, काहीही करपवलेलं नाही. हे पहिल्याच दमात सांगून टाकते, कारण आमच्या इमारतीत कुणालाही विचारलंत तरी तो नेमकं उलट सांगेल. अध्यक्ष सांगतील, चिटणीसबाई सांगतील, माईसुद्धा सांगतील. फक्त माई सांगताना तुमच्याकडे बघणार नाहीत.

मी कोण, ते आधी ऐका. मी एक पेटी आहे. बाहेरून एखाद्या लठ्ठ सुटकेससारखी दिसते आणि आतून काळी कुळकुळीत आहे. माझ्या कुशीत काचेच्या धाग्यांचा कापूस भरलेला आहे, डोक्यावर दोन काचा आहेत, आणि त्यांच्यावर उघडणारं झाकण आहे. झाकणाला आतून आरसा. उन्हात ठेवून झाकण नीट तिरकं केलं की आरसा ऊन उचलून आत टाकतो, काचा ते आतच अडकवून ठेवतात आणि पोटातल्या काळ्या डब्यांत अन्न शिजतं. जाळ नाही, धूर नाही. आणि जाळच नाही म्हटल्यावर करपणार कशाने? माझी ऊब चारही बाजूंनी येते आणि हळूहळू येते. डबा दिवसभर माझ्या पोटात विसरलात तरी फार तर भात जरा जास्त मऊ होईल. हा मुद्दा तेवढा लक्षात ठेवा. पुढे इमारतीतल्या कुणाच्याच तो लक्षात राहिला नाही.

माझा जन्म एका शेडमध्ये झाला. मालक तिला कारखाना म्हणायचे, कामगार शेड म्हणायचे, आणि उन्हाळ्यात दोघेही भट्टी म्हणायचे. एकाने माझा पत्रा वाकवला, एकीने माझ्या पोटाला काळा रंग दिला, एकाने काचेच्या कडेने रबराची पट्टी बसवली. तयार झालेल्या प्रत्येक चुलीची परीक्षा घ्यायची तिथे पद्धत होती. परीक्षा म्हणजे चुलीत अंडी ठेवायची आणि दुपारच्या सुट्टीत ती उकडली का ते फोडून बघायचं. मी पहिल्याच दिवशी पास झाले, तरी माझी परीक्षा पुढे आठवडाभर चालू होती. मला वाटायचं, काय ही माणसं, कामात किती काटेकोर. मग कळलं की मला रंग देणारीला अंडी फार आवडायची.

तिथून मी घरगुती वस्तूंच्या एका प्रदर्शनात जाऊन बसले. माझ्या एका बाजूला मिक्सर होते, दुसऱ्या बाजूला कुकर. मिक्सरपाशी गर्दी, कुकरपाशी गर्दी. माझ्यापाशीही लोक थांबायचे. आरशात बघून केस नीट करायचे आणि पुढे जायचे.

आणि मग माई आल्या. माईंनी अख्खी नोकरी टेलिफोनच्या कचेरीत केली होती. कानाला यंत्र लावून बसायचं आणि एकाचा फोन दुसऱ्याला जोडून द्यायचा. नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी माझं झाकण उघडलं, काचेवर हात ठेवला, आणि विक्रेत्याला विचारलं, "हिच्यात काही खोट?"

विक्रेता भला माणूस होता. मुलीचा दोष सांगावा तसं खाली बघून म्हणाला, "एकच आहे, बाई. हिला शिट्टी नाही. शिजलं की कळत नाही."

"म्हणजे काहीच आवाज करत नाही?"

"अजिबात नाही."

"मग हीच द्या," माई म्हणाल्या. "आयुष्यभर कानाशी घंटा वाजलीय. आता जेवण तरी न बोलता शिजू दे."

अशी मी माईंच्या घरी आले. खरं तर त्यांच्या चिरंजीवांच्या घरी. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन खोल्या, एक हॉल, आणि स्वयंपाकघर सूनबाईंचं. सासू-सुनेचं भांडण नव्हतं, गैरसमज नको. पण ओटा एका माणसापुरता होता आणि त्यावर डबे सूनबाईंच्या पद्धतीने लावलेले होते. माई तिथे गेल्या की पाहुण्यासारख्या "साखर कुठे असते गं?" असं विचारायच्या. बाल्कनीत मात्र त्यांना कुणाला काही विचारावं लागत नव्हतं. बाल्कनीत मी होते. ते माईंचं स्वयंपाकघर होतं.

माईंना माझी रीत पटकन समजली. मला फुंकावं लागत नाही की ढवळावं लागत नाही. फक्त वळवावं लागतं. सूर्य एका जागी बसत नाही, त्यामुळे मलाही एका जागी बसून चालत नाही. माई आंघोळीच्या आधी तांदूळ आत ठेवायच्या आणि मला पूर्वेकडे करायच्या. वर्तमानपत्र वाचून झालं की येऊन जरा वळवायच्या. मधे शेजारणीशी बोलून झालं की पुन्हा जरा. माझ्या पायांना चाकं होती, त्यामुळे हातही लावावा लागत नसे. जाता जाता पायाने हलकेच ढकलायच्या आणि म्हणायच्या, "चल, सरक." बाल्कनीच्या गजांची सावली माझ्या काचेवर कुठे पडते, त्यावरून त्या वेळ सांगायच्या. घड्याळ सूनबाईंना लागायचं.

ती माझी चांगली वर्षं. भात, बटाटे, भोपळा, घेवड्याचे दाणे, कधी दूध आटवणं. शेजारपाजारचे लोक वास घेत बाल्कनीत यायचे. सूनबाई तोंडाने फटकळ, पण खोटं बोलणाऱ्या नव्हेत. एकदा माझ्यातला बटाटा खाऊन म्हणाल्या, "माई, हा खाल्ला की आमच्या कुकरचा बटाटा नुसता भिजल्यासारखा लागतो."

"मग करत जा की हिच्यात."

"मला सकाळची बस गाठायची असते. तुमचा सूर्य तेव्हा दात घासत असतो."

कुकरला हे लागलं. त्या दिवशी त्याने गरजेपेक्षा दोन शिट्ट्या जास्त दिल्या.

आता चिरंजीवांविषयी. चाळिशीत माणसाला काही ना काही लागतंच, कुणाला चष्मा लागतो, चिरंजीवांना पर्यावरण लागलं. ते विम्याच्या कचेरीत होते. एके दिवशी कुठलंसं व्याख्यान ऐकून आले आणि दुसऱ्या दिवसापासून घर बदललं. प्लॅस्टिकच्या पिशव्या गेल्या, कापडी आल्या. मग प्रत्येक कार्यक्रमात त्यांना एक कापडी पिशवी भेट मिळू लागली आणि शेवटी त्या पिशव्या ठेवायला एक मोठी पिशवी लागली. न्हाणीघरात पाणी वाचवायची बादली आली. ती ओलांडून जायला घरातला प्रत्येकजण शिकला. कमी वस्तूंत कसं जगावं, यावर त्यांनी इतकी पुस्तकं आणली की नवं कपाट करावं लागलं.

आणि त्यांना मी सापडले. घरात असूनही इतके दिवस त्यांनी मला पाहिलं नव्हतं. मी त्यांना बाल्कनीतली अडचण वाटत असे. आता मी पुरावा झाले. चिरंजीव जागोजागी बोलायला जाऊ लागले. 'शहरी फ्लॅट आणि शाश्वत जीवन' हा विषय. सुरुवातच अशी करायचे, "आमच्या घरी सूर्य स्वयंपाक करतो." टाळ्या पडायच्या. मागे पडद्यावर माझा फोटो यायचा. त्या फोटोत चिरंजीवांचा हात माझ्या झाकणावर आहे. त्या काळात त्यांनी मला लावलेला तेवढाच हात.

खोटं बोलत नव्हते ते. सूर्य खरंच स्वयंपाक करत होता. फक्त चिरंजीव जेवायला थांबत नव्हते. "आई, माझ्यासाठी गॅसवर काहीतरी टाक ना, व्याख्यानाला उशीर होतोय," असं म्हणायचे, कुकरमधलं गरमागरम खायचे आणि माझ्याविषयी बोलायला जायचे. मला त्याचं वाईट वाटत नसे. मी म्हणायची, जाऊ दे, नाव तर आपलं घेतात.

मग समोर इमारत आली.

आमच्या समोर एका बैठ्या गोदामाचं छप्पर होतं आणि त्याच्यावरून ऊन थेट माझ्या पोटात यायचं. ते गोदाम पाडलं. खड्डा झाला, खांब उभे राहिले, आणि एकेक मजला वर चढू लागला. जसजसा मजला चढायचा तसतसं माझ्यातलं जेवण उशिरा व्हायचं. आधी जेवणाची वेळ पुढे गेली, मग जेवण चहाच्या वेळेला आलं. शेवटी ऊन बाल्कनीत यायचं ते घाईत निघालेल्या पाहुण्यासारखं, दारातूनच विचारपूस करून परत जायचं. एका दिवशी भात कच्चा राहिला. माईंनी तो ताटात वाढून घेतला, एकेक शीत चावून खाल्लं, आणि डबा धुताना मला म्हणाल्या, "तुझा दोष नाही गं."

हे वाक्य मी जपून ठेवलं होतं. आज त्याचं काय करायचं ते कळत नाही.

माई मला घेऊन ऊन शोधत फिरू लागल्या. झोपायच्या खोलीची खिडकी झाली. जिन्याचा वळणावरचा तुकडा झाला. तिथे ऊन बरं होतं, पण वरून उतरणाऱ्या चिटणीसबाईंचा गुडघा माझ्यावर आपटला. माझ्या पत्र्याला पोचा आला आणि चिटणीसबाईंच्या गुडघ्याला तेल. शेवटी उरली गच्ची. तिथे दिवसभर ऊन. पण गच्चीला कुलूप होतं आणि किल्ली अध्यक्षांकडे होती. ती हरवू नये म्हणून तिला लाटण्याएवढा लाकडी दांडका बांधलेला होता.

माईंनी इमारतीच्या समितीला विचारलं, पाण्याच्या टाकीशेजारचा एक कोपरा चुलीसाठी द्याल का? समिती आमच्याच हॉलमध्ये बसली. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य होते; समोरच्याच्या तोंडाकडे बघत बोलायची त्यांची सवय गेली नव्हती.

"माई, गच्ची सगळ्यांची आहे," ते म्हणाले.

"म्हणूनच मागतेय."

"अहो, सगळ्यांची आहे म्हणूनच तर बंद ठेवलीय. आज तुमची चूल आली, उद्या प्रत्येकजण आपापली चूल घेऊन वर येईल."

"येऊ देत की. मी शिकवीन सगळ्यांना."

चिटणीसबाई गुडघ्यावर हात फिरवत म्हणाल्या, "आधी त्या पेटीत काही शिजतं का, ते तर बघू. आम्हाला नुसते धक्केच मिळालेत."

तेव्हा असं ठरलं. रविवारी सकाळी मला गच्चीवर न्यायचं, माईंनी समितीसाठी काहीतरी शिजवायचं, आणि दुपारी सगळ्यांनी चव घ्यायची. चांगलं झालं तर टाकीशेजारचा कोपरा कायमचा माईंचा, गच्चीची दुसरी किल्ली त्यांच्या हातात. नाही जमलं तर विषय बंद, आणि यापुढे स्वयंपाकाची कुठलीही वस्तू गच्चीवर नाही. त्याच दुपारी समिती एक हरित उपसमिती नेमणार होती आणि तिचा प्रमुख कोण, हेही ठरायचं होतं. चिरंजीव त्यासाठी आठवडाभर सगळ्यांशी अतिशय नम्रपणे वागत होते. सूनबाईंनी त्यांना विचारलंही, "अहो, बरं वाटतंय ना?"

म्हणजे बघा मित्रांनो, कुणाचं काय पणाला लागलं होतं. माझं सगळं आयुष्य त्या कोपऱ्यावर होतं. ऊन नसेल तर मी नुसती पेटी. आणि माईंचं स्वयंपाकघर त्या कोपऱ्यावर होतं.

रविवारी मला वर नेलं. गच्चीवरचं ऊन म्हणजे काय, ते मी शेडमधून निघाल्यापासून विसरले होते. बाल्कनीत ऊन तुकड्यातुकड्यांनी मिळायचं, गजांच्या मधून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडून. इथे ते अख्खं होतं. माईंनी एका काळ्या डब्यात दूध, तांदूळ आणि साखर घातली, डबा माझ्या पोटात ठेवला, झाकणाचा आरसा नीट लावला. म्हणाल्या, "मी जरा कपडे बदलून येते. सांभाळ." माई मला असं सांगून गेल्यावर मी काय काय केलं असतं, ते तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही. शिजवण्याखेरीज मला काही येत नाही, म्हणून मी ते जीव लावून केलं. दूध आटत आलं, तांदूळ फुलला, वर साय धरू लागली. मला आतून कळत होतं, झालं. शिट्टी असती तर त्या दिवशी मी दिली असती.

तेवढ्यात खाली काय चाललं होतं, ते मला नंतर कुकरने सांगितलं. कुकरच्या पोटात काही राहत नाही. चिरंजीव सकाळपासून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांनी बाल्कनीतून माझाच एक रिकामा काळा डबा आणला आणि सूनबाईंना म्हणाले, "यात थोडा दुधातला भात करून दे ना. गॅसवर. आपली एक खबरदारी."

"कसली खबरदारी?"

"अगं, समितीसमोर कच्चं निघालं तर?"

"तर कच्चं निघेल. अहो, एवढी वर्षं जगाला सांगत फिरताय, सूर्य स्वयंपाक करतो म्हणून."

"ते व्याख्यानात. हे प्रत्यक्षात आहे. तुला यातलं राजकारण कळत नाही."

"मला दूध कळतं. मी करणार नाही, तुमचं तुम्ही करा. आणि ढवळत राहा, खाली लागेल."

चिरंजीवांनी गॅस पेटवला. मोठा ठेवला, कारण वेळ कमी होता. मग त्यांना फोन आला. कुणाला तरी 'उष्णतेचा जपून वापर' या विषयावर त्यांचं व्याख्यान हवं होतं. ते बाल्कनीत जाऊन सविस्तर बोलले.

थोड्या वेळाने ते गच्चीवर आले. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत तो दुसरा डबा. इकडेतिकडे बघितलं. माझी काच उघडली. सगळी जमवलेली ऊब भस्सकन त्यांच्या तोंडावर आली, चष्मा धुरकटला. माझ्या पोटातला डबा उचलायला गेले तर बोटं पोळली. बोटं तोंडात घालून ते क्षणभर थांबले. मला वाटलं, आता विचार करताहेत. डबा एवढा तापलाय, म्हणजे आतलं झालं असेल, एकदा झाकण उचलून बघू. पण तोंडात बोटं असली की माणूस नुसता विचार करतोय असा दिसतो. त्यांनी रुमालाने डबा धरला, न उघडता टाकीच्या मागे नेऊन ठेवला, स्वतःचा डबा माझ्या पोटात सारला आणि काच लावली.

त्यांनी मला बंद केलं तेव्हा पहिल्यांदा माझ्या आत धुराचा वास कोंडला.

दुपारी सगळे वर जमले. अध्यक्ष, चिटणीसबाई, शेजारची चार माणसं, सूनबाई सोडून घरचे सगळे. सूनबाई म्हणाल्या होत्या, मला कपडे धुवायचे आहेत. माई नवे कपडे घालून आल्या होत्या. त्यांनी स्वतः डबा बाहेर काढला, वाट्या भरल्या. पहिला घास अध्यक्षांनी घेतला. ते सावकाश चावतात, धंद्याचीच सवय. मग थांबले.

"खाली लागलंय," ते म्हणाले.

"चांगलंच लागलंय," चिटणीसबाई म्हणाल्या. "धुराची चव आहे. माई, सूर्याला धूर कधीपासून येतो?"

लोक हसले. माईंनी एक चमचा तोंडात घातला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्यांनी अख्खी नोकरी दुसऱ्यांची बोलणी ऐकून न ऐकल्यासारखी केलेली होती. मग त्यांनी डबा जरा तिरका करून तळाकडे पाहिलं. काळा रंग जळून तिथे उघडा पत्रा चमकत होता. मी असा तळ करू शकत नाही. ते जाळाचं काम. माईंना हे ठाऊक होतं. त्या गच्चीवर हे ठाऊक असलेलं दुसरं कुणी असेल तर ते चिरंजीव, आणि ते मध्ये बोलले.

"जुनी झालीय हो ती," ते अध्यक्षांना म्हणाले. "आच एकाच जागी धरते हल्ली. आतलं आवरण सुटलं की असं होतं. मी आईला कधीचं सांगतोय."

इतक्या व्याख्यानांचा हा फायदा. तोंडाला येईल ते शास्त्र वाटतं.

"हो का, माई?" अध्यक्षांनी विचारलं. "करपवते का ही?"

माईंनी चिरंजीवांकडे पाहिलं. चिरंजीवांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ते मी पाहिलं. व्याख्यानातला नव्हता तो. लहानपणी काहीतरी फोडून दाराआड उभं राहिलेल्या पोराचा असावा. मी तो पूर्वी कधी पाहिला नव्हता. माईंनी पाहिला असणार, पुष्कळदा.

मला अजूनही वाटत होतं, माई डबा उलटा करून दाखवतील. एवढंच करायचं होतं. बोलायचीही गरज नव्हती.

माईंनी डबा खाली ठेवला. तळ जमिनीकडे करून, नीट दाबून ठेवला.

"हो," त्या म्हणाल्या. "जुनी झालीय. करपवते हल्ली."

मित्रांनो, माझं झाकण तेव्हा उघडं होतं आणि आरशात सगळ्यांचे चेहरे दिसत होते. फक्त माईंचा दिसत नव्हता. त्या बाजूला सरकल्या होत्या.

निकाल तिथेच लागला. विषय बंद, स्वयंपाकाची कुठलीही वस्तू गच्चीवर नाही. मग उपसमितीचा प्रश्न निघाला, आणि अध्यक्ष म्हणाले की स्वतःच्या घरातल्या वस्तूचा दोष इतक्या मोकळेपणाने सांगणारा माणूस आजकाल मिळत नाही. चिरंजीव एकमताने प्रमुख झाले. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला ओळखीच्या होत्या. आजवर माझ्या नावावर पडत आल्या होत्या.

ऊन उतरल्यावर माई एकट्या वर आल्या. मला खाली न्यायला माणूस येणार होता, तोवर थांबल्या. माझ्याजवळ उभ्या राहिल्या, पण मला हात लावला नाही. मग त्यांना मुंग्यांची रांग दिसली. रांग माझ्या चाकाजवळून टाकीच्या मागे चालली होती. माईही तिच्यामागून गेल्या.

डबा घेऊन परत आल्या. रुमालाने पुसला, झाकण उचललं. वरची साय जशीच्या तशी होती. त्यांनी बोटाने ती बाजूला केली. पांढरा शुभ्र, एकसारखा शिजलेला, तळापर्यंत. त्यांनी डबा उंच धरून खालून पाहिला. तळाचा काळा रंग जसाच्या तसा होता.

मला वाटलं, आता जातील खाली. दार वाजवतील अध्यक्षांचं. डबा समोर धरून म्हणतील, हे बघा आणि ते बघा. त्याच पायरीवर दुसरी किल्ली मिळाली असती. चिटणीसबाईंनीसुद्धा गुडघा विसरून चव घेतली असती.

माई टाकीच्या कट्ट्यावर बसल्या आणि खाऊ लागल्या. चमचा नव्हता, हातानेच. घाई नाही, काही नाही. सगळा संपवला. कडेला चिकटलेलं बोटाने निपटून घेतलं. मग टाकीच्या नळाखाली डबा धुतला, पदराने नाही, रुमालाने पुसला, आणि माझ्या पोटात ठेवून झाकण लावताना इतक्या हळू म्हणाल्या की मुंग्यांनाही ऐकू गेलं नसेल. "छान झाला होता गं."

असा माझा एकुलता एक पुरावा माईंनी खाऊन टाकला.

त्यांनी तसं का केलं, ते मला समजतं. पण मी आई नाही, पेटी आहे. मला समजलं तरी पटायलाच पाहिजे असं नाही. चिरंजीवांचं मला एवढं लागलं नाही. त्यांनी मला कधी वळवलंच नव्हतं, मग त्यांनी पाठ फिरवली यात नवल काय? पण माईंना माझा तळ माहीत होता.

हल्ली मी दाराजवळच्या बोळात असते. माझा आरसा काढून भिंतीला लावलाय, बाहेर पडताना केस नीट करायला. माझ्या पोटात बुटांचं पॉलिश, ब्रश आणि कापडी पिशव्यांची ती मोठी पिशवी ठेवतात. कुणी पाहुणे आले की चिरंजीव माझ्यावर हात ठेवून सांगतात, "आमची सुरुवात हिच्यापासून झाली. पण तंत्रज्ञान जुनं होतं, करपवायची." गच्चीवर आता सौर पॅनेल लागली आहेत, जिन्यातले दिवे त्यांच्यावर चालतात. माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही, ऊन खाणारी माणसं ती, माझ्याच जातीची. त्यांची तार माझ्या डोक्यावरून जाते. संध्याकाळी दिवा लागला की मला कळतं, आज ऊन चांगलं होतं.

माई आता कुकरमधलं जेवतात. भाताविषयी काही बोलत नाहीत. सूनबाईंनी एकदा विचारलं, "माई, गच्चीवर त्या दिवशी नक्की काय झालं हो?" माई म्हणाल्या, "मीठ दे गं जरा." सूनबाईंनी मीठ दिलं. पुन्हा विचारलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं कुणीतरी असेल. सूर्यचूल असेल, सायकल असेल, पाणी वाचवायची बादली असेल. तिच्यावर भाषण करायला माझी हरकत नाही. फक्त भाषणाच्या आधी एकदा तिच्यातलं जेवून बघा. तिची काच पुसा, रबर सैल झालं तर बदला, ऊन सरकेल तसं तिला सरकवा. ती काय करू शकत नाही ते जाणून घ्या, आणि ते तिच्या नावावर खपवू नका. निकाल देण्याआधी डब्याचं झाकण उचला, डब्याचा तळ बघा. आणि एवढंही जमणार नसेल, कधी कुणाचा चेहरा वाचवायला एखाद्या वस्तूवर आळ घ्यावाच लागला, तर कृपा करून कुकरवर घ्या. त्याला शिट्टी आहे. तो ओरडून इमारत गोळा करेल. आमच्यासारख्या न बोलता शिजवणाऱ्यांवर घेऊ नका.

आता थांबते. दुपार झाली असावी, कारण वर्तमानपत्र मिटल्याचा आवाज आला. माई वर्तमानपत्र ठेवून पाणी प्यायला या बोळातून जातात, आणि जाता जाता मला पायाने हलकेच ढकलतात, जरा पश्चिमेकडे. रोज ढकलतात. आपण असं करतो, हे त्यांना ठाऊक नसावं. पश्चिमेला चपलांचं कपाट आहे.

चाकं अजून चांगली आहेत. मी सरकते.